विरजणाच्या खोलीत कोणी यायचं नाही

सोमवार, ३

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, राग आला की आधी वहीत लिहायचं आणि मग तोंड उघडायचं, म्हणजे रक्तदाब जागेवर राहील. आणली बाई वही. हे म्हणाले, "दोनशे पानी पुरेल ना गं?" पहिला राग तिथेच आला, तो लिहिला.

दुसरा राग आजच्या टाकीचा. आमच्या डेअरीत चीज होतं. तापवून निववलेल्या दुधात मी माझं विरजण सोडते, थोड्या वेळात आंबटपणा चढायला लागतो, मग पुढची माणसं घट्ट झालेलं दूध कापतात, निवळी काढतात आणि चीज दाबायला ठेवतात. निवळी म्हणजे ते मागे उरणारं पिवळट पाणी. विरजणाची खोली नऊ वर्षं माझ्याकडे आहे, त्याआधी सत्तावीस वर्षं सासूबाईंकडे होती. हे विरजण त्यांनीच धरलेलं. रोज थोडं काढायचं, नव्या दुधात लावायचं, की उद्याचं तयार. सुट्टी नाही, आजारपण नाही. त्या गेल्या त्या दिवशीही मी आधी विरजण लावलं आणि मग रडले.

तर आज दोन नंबरच्या टाकीत आंबटपणा जरासा चढला आणि तिथेच फतकल मारून बसला. पाच तास वाट पाहिली. शेवटी टाकीभर दूध जनावरांच्या खाद्यात गेलं. मालक काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की मला जास्त धास्ती वाटते.

मंगळवार, ४

दुधातच खोट असणार. कोणीतरी औषध टोचलेल्या गाईचं दूध घातलं असेल, त्या औषधाने विरजण मरतं. लॅबमध्ये नवीन बाई आल्यात, चाळिशीच्या, गळ्यात दोरीला भिंग अडकवून हिंडतात. मी त्यांचं नाव भिंगवाली ठेवलंय. त्यांनी दूध तपासलं, म्हणाल्या, "औषध नाही." म्हटलं, परत तपासा. परत तपासलं. नाहीच.

मग विचारत विचारत त्या माझ्या दारातून आत यायला लागल्या. मी पाटी दाखवली. दारावर माझ्याच अक्षरात लाल रंगात लिहिलंय, "विरजणाच्या खोलीत कोणी यायचं नाही." मागे मालकांनाही दारातच उभं केलं होतं मी. भिंगवाली म्हणाली, "चांगला नियम आहे." टोमणा होता की कौतुक, कळलं नाही.

साडेबाराला नेहमीसारखे हे चहा घेऊन आले. हे निवळीच्या खात्यात आहेत, अंगणापलीकडे. मी ह्यांना ओला अंगरखा तिकडेच काढायला लावते, तर आपलं घरचं जाकीट चढवून, हात साबणाने धुऊन येतात, एवढं मी पाहतेच. मग स्टुलावर बसतात आणि मी बरणीचं झाकण उघडून त्यांच्या नाकाखाली धरते. ह्यांचं नाक म्हणजे नाक आहे! वास घेऊन सांगतात, आज जरा हळू आहे, आज झकास आहे. आज म्हणाले, "आज वास येतोय पण बोलत नाही काही." काळजीच वाटली.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे निवळी घुसळायचं नवीन यंत्र आलंय. बारीक फवारा उडतो म्हणे. ह्यांच्या भुवयांवर पिवळी पूड बसलेली असते. चष्मा मीच पुसून देते.

बुधवार, ५

परत तेच. आज पाइपवाल्या काकांवर बरसले. पाइप धुण्याचं काम त्यांचं, नक्की कुठेतरी हात राखून धुतलं असणार. काका म्हणाले, "वहिनी, बत्तीस वर्षं धुतोय." म्हटलं, मग तेहतिसाव्या वर्षी नीट धुवा. वहीत आधी लिहायला हवं होतं, पण वही घरी होती.

शनिवार, ८

परवा सकाळी ह्यांची कंबर धरली. वाकले ते तसेच राहिले. तीन दिवस घरी झोपून आहेत आणि तिथून हुकूम सोडताहेत. मी बसने जाते आहे. दुपारचा चहा एकटीने पिताना घशाखाली उतरत नाही, चौतीस वर्षांच्या संसारानंतर हे असं व्हावं म्हणजे कमालच.

पण टाक्या तिन्ही दिवस उत्तम! आंबटपणा काय चढलाय! बघा, काकांना ओरडल्याचा परिणाम. आता भिंगवालीलाही सांगितलं, तुमच्या काचेच्या बश्या ठेवा बाजूला, माणसाला नीट काम सांगावं लागतं. ती हसली आणि तारखा लिहून घेतल्या.

सोमवार, १०

हे कामावर रुजू. सकाळी स्कूटरवर इतका गार वारा होता की मी ह्यांच्या पाठीला गाल टेकवून, शाल दोघांभोवती ओढून बसले. सिग्नलला एक कॉलेजातली मुलगी बघून हसली. हसू दे की! दुपारी चहा, गप्पा, बरणीचा वास. "झकास!" म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

मंगळवार, ११

एक नंबर गेली. तीन नंबर गेली. दोन टाक्या एका दिवशी.

मालकांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. "मावशी," म्हणाले, "तुमच्या सासूबाईंच्या विरजणाचं चीज खाऊन मी मोठा झालो. पण अशी टाकी रोज जायला लागली तर डेअरी बंद पडेल. अठ्ठावीस तारखेला शेवटची मोठी टाकी तुमच्या विरजणाने लावू. लागली तर ठीक. नाही लागली तर एक तारखेपासून पाकिटातलं विरजण आणायचं. मी मागवून ठेवतोय."

"आणि माझी खोली?"

"तुम्हाला पॅकिंगला घेऊ. काढणार नाही."

पॅकिंगचं काय दुःख नाही. कागदात चीज गुंडाळायला मी कमीपणा मानणारी नाही. पण विरजण एक दिवस लावलं नाही, दोन दिवस लावलं नाही, की संपलं. सासूबाईंनी छत्तीस वर्षांपूर्वी धरलेलं ते माझ्या हातात संपणार. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे फक्त, "हं," म्हणाले आणि बराच वेळ पोळीचा तोच तुकडा हातात धरून बसले.

बुधवार, १२

भिंगवालीने लॅबमध्ये बोलावलं. काचेची बशी दाखवली. तिच्यात माझ्या विरजणाचा पातळ थर वाढवलेला, पांढुरका, आणि त्या थराला गोल गोल भोकं पडलेली.

"हे काय कुरतडलंय?"

"विषाणू," ती म्हणाली. "माणसाला काही करत नाही. हा फक्त विरजणातल्या जिवाणूंना लागतो. आत शिरतो, आत आपलीच पिल्लावळ वाढवतो आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतो. तासाभरात एकाचे शंभर."

"म्हणजे माझं विरजण आजारी आहे?"

"आजारी नाही मावशी. मरतंय."

असं तोंडावर बोलायचं? पण खोटं बोलली नाही, हेही खरं. विचारलं, कुठून येतो हा मेला? म्हणाली, "निवळीतून. तिथे तो सुखात असतो. थेंब वाळला तरी मरत नाही, पुडीबरोबर उडतो, कपड्यांवर बसतो." मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "म्हणूनच तर मी निवळीकडच्या एकाही माणसाला दारात उभं करत नाही!"

साडेबाराला हे आले तेव्हा सगळं साग्रसंगीत सांगितलं, फवारा, पूड, भोकं सगळं. हे चहा पिता पिता थांबले. "निवळीतून?" म्हणाले. मी झाकण उघडून बरणी पुढे केली तर नाक मागे घेतलं. अर्धा चहा टाकून गेले. काम असेल.

शुक्रवार, १४

दोन दिवस हे चहाला आले नाहीत. निरोप, "काम आहे." निवळी काय पळून जाते आहे?

भिंगवाली वही घेऊन दारात. आत नाही, उंबऱ्याबाहेर, एवढं शिकली आहे.

"या खोलीत कोण कोण येतं?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही? साडेबाराला?"

"ते होय! ते आमचे हे."

तिने लगेच पेन काढलं. लिहून घेतलं. त्यात लिहून घेण्यासारखं काय होतं? राग आला म्हणून इथे लिहिते आहे.

सोमवार, १७

आज मीच थर्मास घेऊन अंगणात गेले. हे निवळीच्या दारात उभे होते. मला पाहिलं आणि चक्क दोन पावलं मागे सरले. "तिथेच थांब," म्हणाले. "जा तू, जा." सगळ्यांदेखत!

काय चुकलं माझं? शनिवारी भाजीत मीठ जास्त होतं, पण त्यावरून माणूस असा तुटक वागत नाही. की पॅकिंगला जाणारी बायको म्हणून लाज वाटते? असले विचार मनात येतात आणि मग स्वतःचाच राग येतो. येतानाही स्कूटरवर गप्प. मी मुद्दामच घट्ट धरून बसले, बघू किती गप्प बसतात ते.

बुधवार, १९

कळलं.

भिंगवालीने टेबलावर दोन बश्या ठेवल्या. एक सगळी पांढरी. दुसरीत थर उरलाच नव्हता, नुसती भोकं. "ही पांढरी पाइपवाल्या काकांच्या पाइपची," म्हणाली. "आणि ही एका जाकिटाच्या बाहीची."

"कोणाच्या?"

"ते स्वतःच घेऊन आले होते. बारा तारखेला, दुपारी. म्हणाले, हे तपासा आणि मालकांना सांगण्याआधी मला सांगा."

 ते जाकीट दिवसभर निवळीच्या त्या नव्या यंत्रापाशी खिळ्याला टांगलेलं असतं. अंगरखा काढा म्हणून मीच सांगितलं, आणि जाकीट घरचं म्हणून मीच आत घेतलं. मीच झाकण उघडून बरणी त्या बाहीखाली धरली, रोज. लाल रंगात पाटी लिहिली तेव्हा साऱ्या जगाला बाहेर ठेवलं, आणि हे जगात येतात हे डोक्यातच आलं नाही. नवरा म्हणजे कोणी थोडाच असतो! ह्यांची कंबर धरली ते तीन दिवस टाक्या लागल्या, तेही माझ्याच वहीत आहे माझ्याच अक्षरात, आणि मी त्याचं श्रेय काकांवर ओरडण्याला दिलं.

घरी आल्यावर भांडले. दुसरं काय करणार? "सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू मनाला लावून घेतलं असतंस."

"आता नाही घेतलं?"

मग खरं बोलले. म्हणाले, "मालक विचारतील, नियम कोणी मोडला. तुझं नाव येईल. भिंगवाल्या बाई काही मार्ग काढतील तोवर गप्प राहावं म्हटलं."

मला रडू आलं. म्हटलं, "तुमच्या आईने पोटच्या पोराला कधी आत घेतलं नाही. मला तेव्हा वाटायचं, काय कठोर बाई आहे. खोली माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या दिवशी ठरवलं होतं, ह्यांना आत घ्यायचं."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणून होय?" म्हणाले. "अगं, आई मला आत घेत नव्हती, पण जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर यायची. हात धुऊन, टोपी काढून पायरीवर माझ्याशेजारी बसायची. मला कधीच वाईट वाटलं नाही. तुझ्याकडे मी यायचो ते तुला एकटीला करमत नाही म्हणून."

नऊ वर्षं मी ह्यांच्यासाठी दार उघडत होते आणि हे माझ्यासाठी आत येत होते. आता हसावं की कपाळ बडवावं! दोघं हसलो. भात करपला.

गुरुवार, २०

मालकांना जाऊन सांगितलं. "निवळीचं माणूस आत आलं ते माझ्यामुळे. दार मी उघडलं." मालक म्हणाले, "कोण माणूस?" म्हटलं, "माझंच." त्यांनी कपाळ चोळलं. अठ्ठावीस तारीख बदलली नाही, पण खोली धुवायला चार माणसं दिली.

काकांची माफी मागितली. काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही ओरडलात म्हणून दोनदोनदा धुतले. पाइपांचं भलं झालं."

भिंगवालीने एक बरणी दाखवली. अकरा तारखेची, मेलेली. मी असली बरणी तासाभरात ओतून उकळत्या पाण्यात घालते. हिने चोरून ठेवली होती. आणि इतक्या दिवसांनी ती लागली आहे! पातळ, पण लागली आहे. म्हणाली, "सगळे मरत नाहीत. काहींना तो विषाणू लागतच नाही. उरले त्यांच्यापासून वाढवू. विरजण तुमच्या सासूबाईंचंच, फक्त टणक तेवढे उरलेले."

चव घेतली. तीच. जरा अशक्त, पण तीच.

शनिवार, २२

धुतलेली खोली, नवी बरणी, हे दाराजवळही फिरकलेले नाहीत. तरी छोट्या टाकीत आंबटपणा अर्ध्यावर थांबला. भिंगवालीने बशी पाहिली. म्हणाली, "विषाणूचा इतका मारा झाला की टणकही दमतात. विषाणू अजून कुठून तरी येतोच आहे, रोज नव्याने." कुठून येतोय? मी सोडून त्या खोलीत एक माशी जात नाही.

सहा दिवस उरले. आज कोणावर ओरडावंसंही वाटलं नाही, तेव्हा मलाच भीती वाटली.

रविवार, २३

कपडे धूत होते. ह्यांचं जाकीट वेगळं भिजवलं, हल्ली भिजवतेच. मग माझी शाल हातात घेतली. उजव्या बाजूला, गाल टेकतो तिथे, पिवळट पूड.

ओली शाल तशीच हातात घेऊन बाहेर आले. म्हटलं, "अहो, तुम्ही नाही. मी!"

"काय तू?"

"रोज सकाळी तुमच्या पाठीला चिकटून येते आणि तशीच आत जाते. केस, गाल, पदर, सगळं घेऊन. तुम्हाला बाहेर ठेवलं आणि तुमची निवळी मीच अंगावर वाहून नेते आहे!"

 हे हळूच म्हणाले, "म्हणजे बसने जाणार?"

इतकं वाईट तोंड झालं होतं की मला एवढ्या सगळ्यातही हसू फुटलं.

सोमवार, २४

भिंगवालीला फोन करून रविवारीच उठवलं होतं. ती म्हणाली, "बस नको. स्कूटरवरच या. फक्त डेअरीत आल्यावर डोक्यावरून अंघोळ करा, आणि खोलीत घालायचे कपडे डेअरीबाहेर न्यायचेच नाहीत, इथेच उकळायचे." तर आता माझी दिवसाला दोन अंघोळी. बायकांच्या न्हाणीघरातलं पाणी इतकं गार की सासूबाईंचं नाव घेऊन ओतून घेतलं.

भिंगवालीने टणक बरणीतलं थोडं वेगळं राखलं होतं, ते घेऊन पुन्हा सुरुवात. या वेळी तिला आत घेतलं. तीही माझ्यानंतर अंघोळ करून आली, दात वाजत होते बिचारीचे. बरणी उघडताना हात कसा धरायचा, दूध कुठल्या कडेने सोडायचं, ते दाखवलं. पटकन शिकते. मी हे सासूबाईंकडून शिकायला दोन वर्षं घेतली होती, पण त्या रागावायच्या फार.

दुपारी चहाला मी बाहेर गेले. हे पलीकडच्या भिंतीशी, मी इकडच्या. मधे सगळं अंगण. ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या घरात आज रात्री काय भाजी आहे हे साऱ्या डेअरीला ठाऊक झालं.

गुरुवार, २७

तीन दिवस बरणी नीट लागते आहे. बशीत एकही भोक नाही. पण बरणी वेगळी आणि मोठी टाकी वेगळी. पाकिटांचं खोकं आलंय. मालकांच्या खोलीबाहेर ठेवलंय, जाता-येता दिसतं.

हे म्हणाले, "नाही लागली तर नाही लागली. तू आहेस ना." मग कूस बदलून झोपले. झोपले नव्हते, मला कळतं.

शुक्रवार, २८

सातला विरजण सोडलं. मोठी टाकी, दहा हजार लिटर. मालक आले, काका आले, चीज कापणारे हात बांधून उभे. भिंगवाली दर अर्ध्या तासाने नमुना घेऊन लॅबमध्ये पळत होती. आठला चढला. साडेआठला चढला. नऊला तेवढाच. मी टाकीचा कठडा धरला. कोणी माझ्याकडे बघेना. साडेनऊला भिंगवाली परत आली तेव्हा पळत नव्हती, चालत होती, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"चढतोय," ती म्हणाली. "नऊला मीच आकडा चुकीचा वाचला. भिंग लावायचंच राहिलं."

अकराला टाकी लागली. घट्ट, कापली तर कडा उभी राहावी अशी. मालकांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. "ते खोकं परत पाठवा," म्हणाले, आणि तोंड फिरवून बाहेर गेले.

मी टोपी काढली. खोलीतला अंगरखा काढून भिंगवालीच्या हातात दिला. म्हटलं, "उद्याचं विरजण तुम्ही लावा."

"मी? एकटी? आणि तुम्ही?"

"मला आज परत आत येता यायचं नाही."

अंगण ओलांडून सरळ निवळीच्या खात्यात गेले. यंत्र चालू होतं, धुकं पडावं तसा फवारा. हे डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते. मला बघून दोन्ही हात वर करून मागे सरले. "अगं, लांब! लांब राहा! अंगभर आहे माझ्या!" मग तिथूनच ओरडून विचारलं, "आईचं राहिलं?"

"राहिलं," म्हटलं, आणि जाऊन घट्ट मिठी मारली. हे हात वर धरूनच उभे होते, मला लागू नये म्हणून. मग मी नाही सोडत म्हटल्यावर सोडले हात खाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडले, यंत्राच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. मी निवळीने चिंब झाले.